जेवायला काय नेसायचे?

परभणी जिल्ह्यातल्या सेलूकडच्या जुन्या वाड्यांत माजघरात आढ्याजवळ, सहज हात पोचणार नाही अशा उंचीवर, वेळूची एक आडवी दांडी टांगलेली असे. तिच्यावर मुकटे, कद, एखादा ठेवणीतला पीतांबर आणि आजीची धाबळी. हे कपडे हाताने काढायचे नाहीत, काठीने काढायचे. पोराटोरांनी दांडीखाली उड्या मारल्या तरी आतून ओरडा यायचा. आंघोळ करून, अंगावरचे शिवलेले सगळे उतरवून, दांडीवरचे वस्त्र नेसल्याशिवाय पाटावर बसता येत नसे.

भर समुद्रातल्या बोटीवर रात्रीच्या जेवणाला काय घालावे, याच्या सूचना आज तिकिटासोबत मिळतात. अमुक रात्री काळा सूट, तमुक रात्री साधे चालेल, अर्धी चड्डी नको. ही रीत साहेबाची, तिचा इतिहास लंडनला सुरू होतो, असे आपण धरून चालतो. पण जेवणासाठी वेगळा पोशाख आणि तो नसेल तर पंगतीला जागा नाही, हा कायदा गोदाकाठच्या घरांना नवा नव्हता. फरक एवढाच, की साहेब जेवायला बसताना कपडे चढवी आणि इथला गृहस्थ ते उतरवी.

दांडीवरच्या या वस्त्रांचे, म्हणजे सोवळ्याचे, शास्त्र बारीक होते. रेशीम आणि लोकर यांना विटाळ लागत नाही अशी समजूत, म्हणून मुकटा रोज धुतला नाही तरी चाले. सुती धोतर मात्र दर वेळी पाण्यातून काढून, कुणाचा स्पर्श होणार नाही असे वाळवायला हवे. ज्याला रेशीम परवडत नसे त्याने ओलेत्याने जेवावे. अंगरखा, बंडी, सदरा, सुईदोरा लागलेले काहीही चालत नसे. वर उपरणे, नाही तर उघडे अंग. लग्नकार्यात पाहुण्यांसाठी यजमानच जादा मुकटे काढून ठेवी. कोटावर आलेला पाहुणा मांडवाच्या कोपऱ्यात मुकटा नेसून पंगतीत शिरायचा आणि पान उचलल्यावर पुन्हा कोटात. या सगळ्याला स्वच्छतेचे आणि आरोग्याचे कारण चिकटवणे ही नंतरची सारवासारव. महिना महिना न धुतलेला मुकटा पवित्र आणि सकाळी धुतलेला शिवलेला सदरा ओवळा, यात आरोग्य कुठून आले?

ही रीत साऱ्या गावाची नव्हतीच. ती ब्राह्मणांची आणि त्यांच्याकडे बघून वागणाऱ्या काही घरांची. कापसाच्या रानात राबणारा माणूस दुपारी बांधावर बसून धडप्यातली भाकरी सोडी, तेव्हा धोतर-बंडीतच असे. त्याच्या भाकरीला दांडीवरचे वस्त्र लागत नव्हते. ज्यांना पंगतीच्या मांडवाबाहेरच थांबवले जाई, त्यांनी रेशीम नेसले असते तरी आत घेतले नसते. म्हणजे सोवळे हा पोशाखाचा नियम दिसत असला तरी खरा निवाडा जन्मावरच होई. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची कथा महिपतींनी सांगितली आहे. त्या कथेची धार कळायला सोवळ्याची दांडी डोळ्यांपुढे हवी.

सेलूच्या माणसाला आणखी एका पोशाखाचा कायदा पाळावा लागे, आणि तो आढ्यावरून नव्हे, हैदराबादहून येई. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू आणि अंमलदारांचा पोशाख शेरवानी. डोक्यावर रुमी टोपी. दरबारात जायचे तर दस्तार आणि कमरेला बगलूस हा पट्टा. हिंदू असो की मुसलमान, शेरवानी दोघांच्याही अंगावर. राजधानीत या पोशाखाला साजेशी जेवणेही होती: फलकनुमा राजवाड्यातले मेज 101 माणसांचे आहे. तालुक्याच्या गावी एवढा थाट कुठला. पण वकील किंवा पेशकार दुपारी घरी आला की शेरवानी ओसरीवरच्या खुंटीला लागे, आंघोळ होई आणि तोच माणूस मुकट्यात पाटावर बसे. एका दिवसात दोन दरबार.

आता साहेबाकडे वळू. संध्याकाळी जेवणासाठी कपडे बदलण्याची उमरावी चाल जुनी असली, तरी आज बोटीवर दिसणारा आखूड काळा कोट त्या मानाने अलीकडचा. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीचे म्हणणे असे, की त्यांनी 1865 साली युवराज एडवर्डसाठी असा पहिला कोट शिवला. शेपटीवाल्या कोटात घरगुती जेवण अवघड होई, म्हणून हा सुटसुटीत. 1869 मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि मुंबईची वाट आफ्रिकेला वळसा न घालता जाऊ लागली. बोटी वाढल्या, पहिल्या वर्गाची जेवणघरे वाढली आणि त्यांच्याबरोबर कोटही. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र कपडे न बदलण्याची मुभा असे. कारण साधे: पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या पुन्हा बांधून झालेल्या असत.

आणि तांबड्या समुद्रात उकाडा. तिथे कोट अंगावर ठेवणे अशक्यच. मग कोट काढून नुसता सदरा आणि पोटावर रुंद पट्टा, अशा वेशाला मान्यता मिळाली. इंग्रजीत त्याचे नाव तांबड्या समुद्रावरूनच पडले. तो पट्टा म्हणजे आपला कमरबंद. फारसी शब्द, हिंदुस्तानातल्या शिपायांची आणि दरबाऱ्यांची वस्तू. गोऱ्या अधिकाऱ्यांनी ती इथे उचलली आणि नाव थोडे वाकवून विलायतेला नेली. आज औपचारिक रात्रीच्या पोशाखात काळ्या बो-टायखाली जो घडीचा पट्टा दिसतो, तो मूळचा याच बाजूचा.

मराठी माणूस त्या बोटीवर चढला तेव्हा त्याच्यापुढे ताटाचा आणि कपड्याचा प्रश्न एकदमच आला. सेलूहून निघणाऱ्याला तो रेल्वेतच गाठे. 1900 च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन सेलूवरून मनमाडला गेली. डब्यात सोवळे पाळणार कसे? मग कपड्याऐवजी जेवण बदलले. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या खरकट्यात धरत नसत, त्या ओवळ्यातही चालत. सोबत लाडू आणि तळणाचे डबे. वरण-भात मात्र मुक्कामी पोचल्यावरच.

बोटीवर दशम्या किती दिवस पुरणार? 1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, सोबतीला मिशनरी बायका. निघण्याआधी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगून टाकले होते, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आहार आणि पोशाख बदलणार नाही. बोटीवरच्या मांसाच्या पानाशी त्यांचे जमले नाही. पण साडी त्यांनी टिकवली. डॉक्टर झाल्या त्या साडीतच. पाच वर्षांनी मुंबईहून निघालेल्या गांधींची अडचण उलटी होती. काळा सूट अंगावर होता, पण काटे-चमचे कसे धरावे ते ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या खोलीतच बसून घरून आणलेले खाल्ले. विलायतेला उतरताना त्यांनी खास राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेल चढवला आणि सप्टेंबरअखेरीला धक्क्यावर पांढऱ्यात आपण एकटेच, हे त्यांच्या लक्षात आले. एकीने नियम झुगारला आणि ताठ राहिली, दुसऱ्याने तो पाळला आणि ओशाळला.

पोशाखावरून माणूस ओळखला जातो आणि ओळखून बाजूला बसवला जातो, हे सर्वात रोखठोक बोलले ते बाबासाहेब आंबेडकर. 1927 च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले, की अस्पृश्य म्हणून ओळखू येणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, इतर बायकांसारखे नेसा. सोवळ्याच्या दांडीकडे खालून पाहणाऱ्यांचा हा जाहीरनामा होता. स्वतः बाबासाहेबांचा तीन तुकड्यांचा सूटही याच वाक्याचा भाग समजावा.

सोवळे कुणी कायद्याने बंद केले नाही. रेल्वे, वसतिगृहे, खानावळी, हॉटेले आणि नोकरीची घड्याळे यांनी ते रोजच्या पानावरून उठवले. मराठवाड्यातल्या घरांत आता ते भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पुरणावरणाला, श्राद्धपक्षाला आणि मुंजी-लग्नाच्या विधींपुरते निघते. मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझ सुटू लागल्यावर बोटीवरचे जेवण मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. तिथे जाणारा पाहुणा सूट आहे की नाही हे बघतो, सोवळे कुठे आहे हे विचारत नाही.

सोवळे अजून विकले जाते, जोरात विकले जाते. पूजासाहित्याच्या आणि कापडाच्या दुकानांत ते तयार मिळते: निऱ्या आधीच घालून पक्क्या केलेल्या, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी, बाजूला खिसाही. मशिनवर शिवलेले.