विजापूरच्या गोल घुमटाचा भार

विजापूरचा गोल घुमट पाहून आलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टी सांगतो. सज्जांत केलेली कुजबूज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकूं येते, ही एक. आणि एवढा प्रचंड घुमट निराधार उभा आहे, ही दुसरी. पहिलीविषयीं आम्हांस कांहीं लिहावयाचें नाहीं. दुसरी मात्र चुकीची आहे, आणि ज्यांनीं हें काम केलें त्या कारागिरांवर अन्याय करणारीही आहे. जें धारण करितें तो आधार. खांब तेवढाच आधार, असा अर्थ त्या शब्दांत नाहीं.

इ. स. १६५६ त मृत्यु पावलेल्या मुहंमद आदिलशहाची ही कबर. आंतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारें १३५ फूट आहे. जमिनीपासून सुमारें ५७ फुटांवर तें आकुंचित होऊं लागतें व अखेर ९७ फूट व्यासाचें वाटोळें तोंड उरतें. त्या तोंडाच्या कांठापासून मागें सरून घुमट उभारिला आहे. त्याचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट व जाडी सुमारें १० फूट. आतां थोडें गणित करूं. मध्यबिंदूपासून घुमटाची आंतली कड ६२ फुटांवर, बाहेरची ७२ फुटांवर, आणि भिंतीची आंतली बाजू साडेसदुसष्ट फुटांवर येते. म्हणजे भिंतीच्या ऐन मध्यावरही घुमटाची निम्म्याहून अधिक जाडी भिंतीवर नाहींच. कोपऱ्यांकडे तर घुमटाची बाहेरची कड कोपऱ्यापासून सुमारें २३ फूट आंत राहते. 'घुमट चार भिंतींवर बसला आहे' हें विधान म्हणूनच मोघम ठरतें.

मग हें वजन भिंतींत उतरतें कसें? आपल्या वाड्यांत खांबाखालीं तळखडा ठेवितात, तो कशाकरितां? खांबाचा सारा भार वीतभर जागेवर पडला तर जमीन खचेल. दगड तो भार रुंद जागेवर पसरवितो. येथें तेंच काम आठ कमानी करितात. दोन चौरस एकमेकांवर तिरपे ठेविले असतां त्यांच्या बाजू जशा परस्परांस छेदतात, त्या रेषांवर या कमानी उभ्या आहेत. प्रत्येक भिंतीशीं दोन याप्रमाणें त्यांचे आठ पाय, आणि प्रत्येक पायावर दोन कमानी येऊन टेकतात. वरील कड्याच्या कोणत्याही भागाचें वजन त्यामुळें एके ठिकाणीं न सांचतां वांटलें जाऊन खालीं येतें. (शाळेंत असतां आम्ही फळ्यावर हे दोन चौरस काढून दाखवीत असूं, शब्दांनीं जें अर्ध्या तासांत उमगत नसे, तें मुलांस चटकन् कळे.)

जेम्स फर्ग्युसन यानें इ. स. १८७६ च्या आपल्या ग्रंथांत या कमानींचें मर्म निराळें सांगितलें. त्याच्या मतें आंत झुकलेलें हें बांधकाम स्वतःच्या वजनानें आंत ओढतें, व घुमटाचा बाहेर ढकलणारा रेटा त्यायोगें निष्प्रभ होतो. हेन्री कझिन्स यानें इ. स. १९१६ त उलट असें मांडिलें कीं, विटा व उत्तम चुना यांचा हा घुमट एकजीव कवच झाला असून तो झांकणाप्रमाणें नुसता वर बसला आहे. आम्हांस दोन्ही मतें अर्धीं वाटतात. चुना कितीही चांगला असो, दाब तो सोसतो, ताण फारसा सोसीत नाहीं. आणि अर्धगोल घुमटाचा खालचा भाग स्वभावतःच फांकूं पाहतो. रोमच्या पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा, सुमारें १४२ फूट व्यासाचा. त्यालाही आंतून उभ्या चिरा गेलेल्या आहेतच. तेव्हां रेटा मुळींच नाहीं, हें कझिन्सचें म्हणणें ग्राह्य धरवत नाहीं. परंतु रेटा थोपविणें एवढेंच या कमानींचें प्रयोजन, असें फर्ग्युसनच्या वाचकांस वाटूं लागतें, तेंही खरें नव्हे. त्यांचें पहिलें काम सरळ खालीं येणारा भार पेलून पसरविण्याचें आहे. रेट्याचा बंदोबस्त हा त्याच रचनेचा दुसरा लाभ.

याकूत दाबुली, म्हणजे आपल्या दाभोळचा, या स्थपतीचें नांव या इमारतीशीं जोडण्यांत येतें. नांव कोणाचेंही असो, त्यानें पायाही तितक्याच विचारानें घातला. आठ पायांनीं भिंतींत उतरविलेला भार भिंती आपल्या सबंध लांबीवर घेतात, आणि त्यांचा पाया मातींत नसून मूळ खडकावर आहे.