फांट : एका विस्मृत शब्दाविषयी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मोरीच्या पाण्यावर पोसलेले गवती चहाचे बेट अजूनही परसात दिसते. पोट फुगले की त्याची चार पाती आणि आल्याचा तुकडा पाण्यात पडतो व ते पाणी खळखळून आटवले जाते. सुगंध घरभर दरवळतो. पेल्यात फारसा उरत नाही. ही चूक हाताची की भाषेची?

शार्ङ्गधरसंहितेने पाच कल्पना सांगितल्या : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथासाठी सोळापट पाणी आटवून अष्टमांश उरवायचे. हिमासाठी सहापट थंड पाण्यात द्रव्य रात्रभर भिजवायचे. फांटासाठी चौपट कढत पाण्यात ते मुरवून गाळायचे. कठीण मुळ्या-सालींना क्वाथ मानवतो, सुगंधी पानांना फांट. क्वाथाच्या कुळातून मराठीला ‘कढ’, ‘कढी’, ‘काढा’ हे शब्द मिळाले. फांट मात्र वैद्यांच्या पोथीतच राहिला. शब्दाबरोबर कृतीही मागे पडली असावी, असे आम्हांस वाटते.

वर्धा नदीपलीकडच्या सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींनी १९४२ साली आगाखान महालातील बंदिवासात आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात चहाचा विचार आहे. गाळणीत पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, पाण्याला सोनेरी रंग यावा. असा चहा त्यांना निरुपद्रवी वाटला. पत्ती उकळून केलेल्या चहातील टॅनिन मात्र पचन बिघडवते, असे त्यांचे म्हणणे. चहाविरोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने फांटाला दिलेली ही मुभा होती.

आजचे ज्ञान याच्या फार दूर नाही. हिरव्या चहाला ७० ते ८० अंशांचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. अधिक उष्णतेने तो तुरट होतो. रिकाम्या पोटी कडक चहा कित्येकांना मळमळतो. आल्याने मळमळ शमते, याला बरा पुरावा आहे. गवती चहाच्या पाचकतेला मुख्यतः परंपरेचा आधार. आणि हिरवा असो वा काळा, जेवणासोबतचा चहा धान्य-भाज्यांतील लोहाचे शोषण घटवतो.

हा तपशील क्षुल्लक नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आमच्या वर्गांत सकाळी चहा-पोळी खाऊन येणाऱ्या मुली बसतात. चहा तासभर पुढे ढकलावा आणि गवती चहाची पाती झाकून मुरवावी, एवढे तरी त्यांना सांगता येईल. त्या कृतीला आपल्याकडे नावही आहे.