मापनातले मूल : बालकांच्या वाढ-विकासाच्या मोजमापाचा इतिहास आणि पेण-रोहा परिसर

प्रास्ताविक

मूल वाढते ही निसर्गाची गोष्ट आहे. ते 'योग्य' रीतीने वाढते आहे की नाही हे ठरविणे ही मात्र समाजाची आणि शासनाची गोष्ट आहे, म्हणूनच तिला इतिहास आहे. अंगणवाडीत टांगलेला साल्टर काटा, त्याच्या झोळीत बसविलेले बाळ आणि आलेखावर उमटणारा एक ठिपका हे दृश्य आज रायगड जिल्ह्यातील कोणत्याही गावात परिचयाचे वाटते. परंतु त्या ठिपक्यामागे किमान सात दशकांचे विचारमंथन आहे. या इतिहासाचा मागोवा घेऊन त्यातून पेण व रोहा या दोन तालुक्यांतील बालकांच्या वाट्याला काय आले आणि काय सुटले, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञांमधील भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. 'वाढ' म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर यांत होणारी, मोजता येणारी भर. 'विकास' म्हणजे क्षमतांचा क्रमशः होणारा उदय. मान सावरणे, बसणे, चालणे, बोलणे, माणसे ओळखणे ही त्याची उदाहरणे होत. सर्वसाधारण बाळाचे वजन सुमारे पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी पहिल्या वाढदिवसापर्यंत ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. ही वाढीची भाषा झाली. तीच गोष्ट 'बाळ तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मान धरते' अशी सांगितली की ती विकासाची भाषा होते. या दोन भाषांपैकी शासनाने प्रथम कोणती स्वीकारली, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

परंपरेतील कालगणना

तराजू घरात येण्यापूर्वीही मराठी कुटुंबे बाळाची प्रगती पाहत होती. मात्र ती किलोग्रॅममध्ये नव्हे, तर प्रसंगांमध्ये नोंदविली जाई. बारसे, उष्टावण, जावळ, बोरन्हाण हे संस्कार आणि पालथे पडणे, रांगणे, धरून उभे राहणे, पहिले पाऊल टाकणे हे घरगुती कौतुकाचे टप्पे मिळून एक कालपट तयार होत असे. आयुर्वेदातील बालोपचारविषयक ग्रंथांनीही उपवेशन, अन्नप्राशन यांसारख्या विधींना महिन्यांच्या क्रमात बसविले होते. या व्यवस्थेचे बलस्थान असे की, तिने विकासाकडे बारकाईने पाहिले. तिची मर्यादा अशी की, मागे पडलेल्या मुलासाठी तिच्याजवळ 'होईल हळूहळू' याखेरीज फारसे उत्तर नव्हते. शिवाय हे सोहळे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या मुलांची नोंद या कालपटावरही अंधूकच राहिली.

रुग्णालय, बालवाडी आणि अंगण

पाश्चात्त्य बालरोगशास्त्र मुंबई इलाख्यात स्थिरावले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मुंबईतील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ मध्ये स्थापन झाले. त्याच काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्नोल्ड गेसेल हे मुलांच्या वर्तनाचे वयानुसार कोष्टक तयार करीत होते. रुग्णालयात मात्र आजारी मूलच येते. निरोगी मुलाची वाढ नियमितपणे पाहावयाची, तर गावातच एखादी संस्था हवी होती.

ती संस्था बालशिक्षणाच्या चळवळीतून आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढविले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून तेथे अंगणवाडी व कुरणशाळा यांचे प्रयोग झाले. पुढे देशभर रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागील मूळ कल्पना शिक्षणाची व विकासाची होती, केवळ आहाराची नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

रोह्याचा या इतिहासाशी एक अप्रत्यक्ष धागा जुळतो. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख केंद्रीय अर्थमंत्री असताना त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. या मंडळाच्या कल्याण विस्तार प्रकल्पांनी ग्रामीण भागात बालवाडीला प्रथमच व्यापक शासकीय आधार दिला.

काटा आणि आलेख

१९५० नंतरच्या दशकात डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरांनी नायजेरियातील इमेसी-इले या गावी 'आरोग्याच्या वाटेचा' आलेख विकसित केला. एकदाचे वजन नव्हे, तर ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेची दिशा महत्त्वाची, हे त्याचे सूत्र. रेषा सपाट झाली की मूल आजारी दिसण्यापूर्वीच धोका कळतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने वाढीच्या देखरेखीचे हे तत्त्व अंगणवाडीत आणले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला आणि पुढील काळात पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर ही वजननोंद पोहोचली.

परंतु ठिपका कोणत्या रेषेशी ताडून पाहावयाचा? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात देशव्यापी पाहणी केली. तिच्यातील बहुसंख्य मुले अल्प उत्पन्न गटांतील असल्याने तिने 'मुले कशी वाढत आहेत' हे सांगितले, 'कशी वाढावीत' हे नव्हे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या १९७२ च्या वर्गीकरणाने बॉस्टनमधील मुलांवर आधारलेली हार्वर्ड मानके प्रमाण धरली व त्यांच्या टक्केवारीवरून कुपोषणाच्या चार श्रेणी ठरविल्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील, स्तनपानावर व अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासावरून २००६ मध्ये नवी मानके प्रसिद्ध केली. संधी समान असेल, तर दिल्ली, ऑस्लो व आक्रा येथील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, हा या अभ्यासाचा निष्कर्ष. २००८ मध्ये भारताने अंगणवाड्यांसाठी ही मानके स्वीकारली.

हा बदल केवळ तांत्रिक नव्हता. एक वर्षाच्या मुलग्याचे उदाहरण घेऊ. जुन्या मानकानुसार अपेक्षित वजन सुमारे १० किलो होते. ७.८ किलो वजनाचा मुलगा ७८ टक्के भरत असल्याने पहिल्या श्रेणीत कुपोषित ठरे. नव्या मानकात सामान्य वजनाची खालची मर्यादा ७.७ किलो असल्याने तो सामान्य ठरतो. उलट ६.५ किलोचा मुलगा पूर्वी दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे मध्यम गटात बसे. नव्या मानकात तीव्र कमी वजनाची मर्यादा ६.९ किलो असल्याने तो तीव्र गटात जातो. मूल तेच, काटा तोच. रेषा बदलली आणि मुलाचे नाव दुसऱ्या यादीत गेले. म्हणून २००८ पूर्वीचे व नंतरचे आकडे सरसकट शेजारी मांडून प्रगती वा अधोगती सिद्ध करणे इतिहासाच्या अभ्यासकाने कटाक्षाने टाळले पाहिजे.

विकासाची उपेक्षा आणि पुनरागमन

वजनाची नोंद रुजली, पण विकासाची नोंद दीर्घकाळ मागे राहिली. तिच्यासाठी साधने नव्हती असे नाही. बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय शिशूंच्या विकासाची मानके सिद्ध केली. १९९१ मध्ये त्यावर आधारित ५४ घटकांची बडोदा विकास चाळणी चाचणी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्रिवेंद्रम येथील केवळ १७ घटकांचा तक्ताही पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये स्थूल हालचालींच्या सहा टप्प्यांसाठी कालमर्यादा दिल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, तर स्वतंत्रपणे चालणे ८.२ ते १७.६ महिने. या अभ्यासातील ४.३ टक्के निरोगी मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. सामान्यता हा बिंदू नसून पट्टा असतो, हे यातून स्पष्ट होते.

शासकीय पातळीवर या विषयाला ठळक स्थान मिळाले ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा आरंभ पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, पोषक घटकांची कमतरता व बालपणीचे आजार यांबरोबर विकासातील विलंब हाही तपासणीचा विषय ठरला. २०२४ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या विकास-उद्दीपनासाठी 'नवचेतना' हा राष्ट्रीय आराखडाही आला. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात उमललेली कल्पना जवळजवळ सात दशकांनी त्याच पट्ट्यात परतली, असे म्हणता येईल.

पेण-रोह्याचा प्रश्न : रिकामा रकाना

पेण व रोहा हे वरकरणी सुस्थित तालुके. पेण गणेशमूर्तींसाठी विख्यात, रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत. परंतु याच तालुक्यांच्या डोंगरउतारांवर कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कात पाडण्याच्या पिढीजात व्यवसायावरून ओळखला जाणारा हा समाज शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदला आहे. जमिनीचा आधार तुटपुंजा असल्याने यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

मोर्ले यांचा आलेख सलग रेषेवर उभा आहे. स्थलांतरित मुलाची रेषा मात्र वर्षातून कित्येक महिने तुटते. सहाव्या महिन्यात वजन झालेले बाळ पुन्हा काट्यावर येते, तोवर ते वर्षाचे झालेले असते. पूरक आहार सुरू होण्याचा, बसण्या-रांगण्याचा आणि पहिल्या शब्दाचा हाच नेमका काळ. म्हणजे ज्या मुलाची देखरेख सर्वाधिक आवश्यक, त्याच्याच नावापुढील रकाना रिकामा राहतो. मार्च २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला. दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा राज्यात २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत सुमारे २३ टक्क्यांवर आला, हे यश मोठेच होय. तथापि राज्याची सरासरी वीटभट्टीवरच्या बाळाविषयी काही सांगत नाही.

समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, 'सामान्य' मूल ही कल्पना प्रत्येक पिढीने नव्याने मांडली असून बॉस्टनच्या मुलापासून सहा देशांच्या मुलापर्यंतचा तिचा प्रवास अधिक न्यायाकडे झाला आहे. दोन, वजनाने मूल शासनाला दिसू लागले, पण बराच काळ तेवढेच दिसले. घरातील आजी जे पाहत होती ते नोंदवहीत उशिरा आले. तीन, मोजमापाची अचूकता वाढली तरी मोजले न जाणारे मूल त्यामुळे मोजणीत येत नाही.

अंगणवाडीतील जुन्या वजनवह्या ही स्थानिक इतिहासाची प्रथम दर्जाची साधने आहेत. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदी होऊ लागल्याने कागदी वह्यांचे महत्त्व कार्यालयीन दृष्टीने कमी होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी, बालकांची ओळख उघड होणार नाही अशी दक्षता घेऊन, या वह्यांच्या जतनाचा विचार करावा. त्यांतील ठिपक्यांइतकेच रिकामे रकानेही वाचले गेले पाहिजेत. कोणाची वाढ आपण पाहिली यापेक्षा कोणाची पाहिली नाही, हे सांगणारा पुरावा त्या रकान्यांतच आहे.