दोन हुकुमांच्या मध्ये

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू गालीलातील एका डोंगरावर आपल्या अकरा शिष्यांना जी आज्ञा देतो, ती सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची, त्यांना बाप्तिस्मा देण्याची आणि आपण जे सांगितले ते पाळावयास शिकविण्याची आहे. परंतु ही आज्ञा केवळ त्या अकरा जणांपुरती होती, त्यांच्या हयातीतच ती पुरी झाली आणि पुढच्या पिढ्यांवर तिचे बंधन उरले नाही, असे प्रॉटेस्टंट पंथातील कित्येक विद्वान धर्मशास्त्री दीर्घकाळ मानीत आले होते. या समजुतीला सर्वांत समर्थ धक्का इंग्लंडातील नॉर्दम्प्टन परगण्यात जोडे शिवून उदरनिर्वाह केलेल्या विल्यम केरी नावाच्या एका उपदेशकाने १७९२ साली एक लहानसे पुस्तक लिहून दिला. ‘मी युगाच्या समाप्तीपर्यंत तुमच्याबरोबर आहे’ या अर्थाचे अभिवचन जर आजही आपल्याला लागू आहे असे आपण मानतो, तर त्याच्या लगतची आज्ञा मात्र कालबाह्य झाली असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी केरी बंगालात आला, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण व कोश सिद्ध केले, हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे.

तितका परिचित नाही तो अमेरिकेचा भाग. १८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स प्रांतातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी मेघगर्जनेसह आलेल्या पावसापासून बचाव करण्यासाठी गवताच्या एका गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियातील लोकांपर्यंत सुवार्ता नेण्याविषयी त्यांनी तेथे प्रार्थना केली. या तरुणांच्या निर्धारातून चार वर्षांनी अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबर्नॅकल चर्चमध्ये ज्या पाच जणांना दीक्षा मिळाली, त्यांत गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूवेल हे तिघे पुढे मुंबईचे झाले. उरलेल्या दोघांनी बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि त्यांपैकी जडसनने ब्रह्मदेशात आपले आयुष्य वेचले.

ही माणसे कलकत्त्यास उतरली तो काळ त्यांना अत्यंत प्रतिकूल होता. १८०६ साली वेल्लोरच्या शिपायांनी केलेल्या उठावाची धास्ती कंपनीच्या दरबारातून अद्याप गेलेली नव्हती, रयतेच्या धर्मात हात घातला तर राज्य डळमळेल ही भीती अधिकाऱ्यांच्या मनात घर करून होती, आणि त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटल्याने हे उपदेशक शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना मुलूख सोडून जाण्याचा हुकूम झाला. न्यूवेल आपल्या अठरा वर्षांच्या पत्नीसह मॉरिशसकडे निघाला. प्रवासात जन्मलेले मूल समुद्रावरच गेले आणि १८१२ च्या नोव्हेंबर अखेरीस हॅरिएट न्यूवेलही मॉरिशस बेटावर क्षयाने निवर्तली. कोणाही काफराला उपदेशाचा एक शब्द सांगण्यापूर्वीच संपलेल्या या जीविताचे चरित्र न्यू इंग्लंडच्या घराघरांत वाचले गेले, आणि त्याने किती तरुणांना या कार्याकडे ओढले याचा हिशेब करणे कठीण आहे.

हॉल आणि नॉट मात्र ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोचले. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन स्वभावाने धर्मनिष्ठ होता आणि त्याची सहानुभूती या दोघांकडे होती. परंतु कलकत्त्याचा हुकूम त्याच्या दप्तरात येऊन पडला होता आणि तो मोडण्याचा त्याला अख्त्यार नव्हता. इंग्लंडास रवानगी होणार हे निश्चित दिसताच हे दोघे एका किनाऱ्याच्या गलबतातून गुपचूप कोचीनकडे निघाले. तेथून सिलोन गाठावे असा त्यांचा विचार होता, परंतु कोचीन येथे त्यांना अडवून पुन्हा मुंबईस आणण्यात आले. ही लपूनछपून केलेली कृती नेपिअनला लागली, आणि तिचे समर्थन करणे हॉलला सोपे गेले नाही. तेव्हा त्याने गव्हर्नरला जी पत्रे लिहिली, त्यांचा युक्तिवाद मला त्या काळच्या सर्व पत्रव्यवहारात विशेष तेजस्वी वाटतो: कंपनीची आज्ञा आणि ख्रिस्ताची आज्ञा यांत विरोध आला असता ख्रिस्ती मनुष्याने कोणती पाळावी, आणि जो अधिकारी या उपदेशकांना हद्दपार करील त्याला अंतिम न्यायासनापुढे काय जबाब द्यावा लागेल, एवढेच त्याने विनयपूर्वक विचारले होते. सनद, परवाना, कलम यांच्या भाषेत बोलणाऱ्या सरकारशी एक निःशस्त्र परदेशी त्या सरकारनेच मान्य केलेल्या धर्माच्या भाषेत बोलत होता. नेपिअनने रवानगी लांबणीवर टाकली. इकडे लंडनमध्ये कंपनीच्या १८१३ च्या सनदेत पार्लमेंटचे सभासद विल्बरफोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी धर्मोपदेशकांना परवाना मिळण्याची वाट करून ठेविली होती. कंपनीच्या संचालकांतही चार्ल्स ग्रँटसारखे कैवारी होते, आणि अखेरीस या दोघांना राहण्याची मोकळीक मिळाली.

राहण्याची परवानगी मिळाली, पण ज्यांना शिकवावयाचे त्यांची भाषा अद्याप येत नव्हती. मुंबई बेटाच्या पलीकडे पेशव्यांचा मुलूख होता, आणि येथे बसून मराठी आत्मसात करणे हेच प्रथम कर्तव्य ठरले. नॉट प्रकृतीच्या कारणाने लवकरच परत गेला. न्यूवेल १८१४ साली येऊन मिळाला आणि १८२१ मध्ये पटकीने मृत्यू पावला. १८१६ साली बार्डवेल नावाचा सहकारी छापण्याची सामग्री घेऊन आला आणि पुढच्या वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठीतील त्यांची पहिली लहान पुस्तके निघाली. गोव्यात फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले त्यास तेव्हा दोनशे वर्षे होऊन गेली होती, परंतु ते देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत निघाले होते. मुंबईचे छापील मराठी मात्र सामान्य वाचकाला त्याच्या ओळखीच्या अक्षरांत भेटले. शाळा निघाल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळाही निघाली. बाप्तिस्मा घेणारे मात्र कित्येक वर्षे बोटांवर मोजण्याइतकेच राहिले.

या लोकांनी आमच्या देवधर्माविषयी जे लिहिले, त्यात अज्ञान आणि तुच्छता पुष्कळ आहे आणि ती वाचताना आजही मन दुखावते; परंतु त्याच हातांनी काय केले हेही सांगितले पाहिजे. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूस हॉल फिरतीवर असता पटकीची साथ सुरू होती. जवळची औषधे तो रोग्यांना वाटीत गेला, आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळाच्या ओसरीत विसाव्यास टेकला असता पहाटे त्यालाच तो विकार जडला. स्वतःला देण्यापुरते औषधही फारसे उरले नव्हते. २० मार्चला तो गेला. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरावर त्याने वर्षानुवर्षे श्रम केले होते, तो त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

त्या छापखान्याचे पुढील वृत्त मूळ आज्ञेच्या कक्षेबाहेरचे आहे. तेथील मुद्रणकला पाहून गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले. मिशनच्या त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी खिळे पाडण्याची विद्या हस्तगत करून निर्णयसागरची स्थापना केली आणि संस्कृत काव्यशास्त्राचे ग्रंथ शुद्ध मुद्रणात घरोघर पोचविले. आणि ज्या शहरातून हॉलला हाकलण्यासाठी जहाज शोधले जात होते, त्याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ साली विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद मांडला, वेदांचा कैवार घेतला, ख्रिस्ती मतावर कठोर आक्षेप घेतले. त्या वादाचा वृत्तांत त्यांच्या प्रतिपक्षातील एक अमेरिकन उपदेशक जॉर्ज बोवेन यानेच छापून प्रसिद्ध केला.