स्थितिवाचन इंटरफेस, व्हर्च्युअल मशीनचा

ब्लॉकचेनवरचे स्मार्ट करार चालवणारे व्हर्च्युअल मशीन खात्यांची सद्यःस्थिती ज्या ठरावीक प्रश्नांतून डेटाबेसकडून मिळवते, तो इंटरफेस. इथेरियमसाठी रस्ट भाषेत लिहिलेल्या रेव्हएम या मुक्तस्रोत प्रणालीत त्याचे मूळ प्रश्न चारच आहेत : खात्याची शिल्लक, नॉन्स (व्यवहारांचा अनुक्रमांक) व कोडचा हॅश; हॅशवरून प्रत्यक्ष कोड; खात्याच्या विशिष्ट कप्प्यातले २५६ बिटांचे मूल्य; आणि ब्लॉक क्रमांकावरून ब्लॉकचा हॅश. स्थिती बदलण्याची सोय वेगळ्या इंटरफेसकडे आहे. अक्कलकोट तालुक्यातले गाव निवडून गट क्रमांक भरला की महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा दिसतो, पण पाहणाऱ्याला त्यात अक्षरही बदलता येत नाही. त्यासाठी फेरफार धरावा लागतो, नोटीस निघते आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वाचन आणि बदल यांची तीच फारकत येथे आहे.

इतके मोजके प्रश्न अपुरे आहेत, अमुक शिल्लक असलेली सर्व खातीसुद्धा मागता येत नाहीत, असा आक्षेप घेता येईल. परंतु करार चालवताना लागते ती नेमक्या पत्त्यावरची नोंद; यादी लागत नाही. प्रश्न मोजके असल्यामुळेच उत्तर देणारा सहज बदलता येतो : रेथ या नोडमध्ये डिस्कवरचा साठा, फाउंड्री या विकाससाधनाच्या चाचण्यांत दूरचा नोड किंवा स्मृतीतला तात्पुरता साठा. वाचन महाग पडते हा आक्षेप खरा आहे. २०२१च्या बर्लिन सुधारणेनंतर एका व्यवहारात कप्पा प्रथम वाचण्यास २,१०० गॅस (गणनेच्या खर्चाचे एकक) लागतो, पुन्हा वाचण्यास १००. वेळ वाचवण्यासाठी मधल्या थरात कॅश ठेवतात. याहून गंभीर मुद्दा विश्वासाचा आहे. आलेले उत्तर खरे आहे की नाही, हे मशीन तपासत नाही. दूरच्या नोडवर विसंबताना ब्लॉकच्या शीर्षातील स्थिति-मुळाशी मर्कल पुरावा ताडून पाहणे आवश्यक ठरते, आणि ते काम इंटरफेसच्या मागच्या थराने करावे हेच योग्य.

महाराष्ट्रातील वापर : गडचिरोलीतील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर ठेवण्याचा प्रकल्प झाला.

अशा नोंदीचा हॅश जुळला, तर कागद बदललेला नाही एवढेच सिद्ध होते. दाखला देण्यापूर्वीची चौकशी बरोबर होती, हे नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार सातबाऱ्यावरील प्रमाणित नोंदही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. स्थितिवाचनाचा अधिकार याहून मोठा समजू नये.