अनुभव कोट्यवधींचा होता, त्याचे कलम कसे झाले?

'अनुभवासारखा गुरू नाही' असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ठेच लागली की माणूस शहाणा होतो, दुःख भोगले की माणूस बदलतो आणि काळ सगळ्या जखमा भरून काढतो, अशी वाक्ये रोज सकाळी मोबाईलवर फिरत असतात. आमचा या समजुतीलाच आक्षेप आहे. नुसत्या ठेचेने माणूस बदलत असता, तर पाणवठ्यावरून पिढ्यानपिढ्या हाकलल्या गेलेल्या आपल्या समाजाचे दैन्य कितीतरी आधी संपले असते. अपमानाचा अनुभव तर प्रत्येक पिढीने घेतला होता.

मग आपले पूर्वज शहाणे नव्हते का? होते. पण त्यांच्या हाती अक्षर नव्हते आणि त्यांच्या अनुभवाला 'पूर्वजन्मीचे पाप' असे नाव देणारी व्यवस्था डोक्यावर बसलेली होती. अनुभव आपला, पण त्याचा अर्थ लावणारा मात्र भटजी! लष्करातल्या नोकरीमुळे ज्या थोड्या घरांत अक्षर शिरले, त्या घरांतून अर्थ बदलायला सुरुवात झाली. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले, ते याच बदलाचे चिन्ह होते. सुभेदार रामजी सकपाळांचे घरही असेच, लष्करी नोकरीचे आणि अक्षराचे.

याच घरातल्या मुलाने पुढे आपल्या अनुभवांचे काय केले, हे पाहायचे असेल तर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही बाबासाहेबांची छोटी पुस्तिका वाचावी. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली प्रसिद्ध केली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कळावे म्हणून बाबासाहेबांनी तीत काही प्रसंग मांडले आहेत. त्यांत रडगाणे नाही. न्यायालयात पुरावा मांडावा तशी ती मांडणी आहे.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीवर होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. जात कळेपर्यंत स्टेशन मास्तर आपुलकीने बोलत होता. 'आम्ही महार' हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवाला पायी चालला. सोबत जेवण होते, पण घोटभर पाणी कोणी दिले नाही. शाळेतही वेगळे काही नव्हते. नळ शिपायाने सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान!

शिकल्यावर हे थांबले का? 'शिका, मोठे व्हा, मग कोणी जात विचारणार नाही' असे आजही आपल्याला ऐकवले जाते. त्याचे उत्तर बडोद्यात आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदू हॉटेलात जागा नाही म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारश्यांचा जमाव दारात उभा राहिला. सामान बाहेर काढावे लागले. मित्रांनीही जागा द्यायला टाळाटाळ केली. दिवस बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

१९२९ साली चाळीसगावला ते गेले, तेव्हा अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. पण टांगेवाला बॅरिस्टरलाही टांग्यात घेऊन हाकायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी जाणे बरे नव्हे म्हणून वस्तीतल्या बांधवांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सवय नव्हती. अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी सहकाऱ्यांसह त्यांनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर 'हौद बाटवला' म्हणून मुस्लिमांचा जमाव धावून आला.

मसूरची बैलगाडी, शाळेचा नळ, बडोद्याची धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. याच पुस्तिकेत त्यांनी दुसऱ्यांचेही प्रसंग घेतले आहेत. काठियावाडातल्या एका शिक्षकाच्या आजारी पत्नीला डॉक्टरने स्पर्श केला नाही आणि ती बाई दगावली. आमच्या मते खरा बदल इथे दिसतो. सोसणारा माणूस 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणून थांबतो. बाबासाहेबांनी आपली जखम इतरांच्या जखमांच्या रांगेत ठेवली आणि विचारले, हे सगळ्यांच्याच वाट्याला येते, तर याला कारण एखादा वाईट माणूस आहे की व्यवस्था?

आणि उत्तर व्यवस्था असेल, तर इलाजही व्यवस्थेचाच हवा. इथे अभ्यास कामी आला. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी संरक्षणाची जी योजना ठेवली, तीत एक कलम होते. धर्मशाळा, शिक्षणसंस्था, रस्ते, तळी, विहिरी, सार्वजनिक वाहने यांचा वापर कोणाला नाकारणे हा गुन्हा ठरावा, असे ते कलम. हेच कलम त्यांनी १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पुन्हा मांडले. त्याची भाषा त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झालेल्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांतून घेतली होती. १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली मोडीत काढला होता. तिकडे मारलेले शब्द इकडच्या माणसाने जिवंत केले! आता ती यादी पुन्हा वाचा. धर्मशाळा म्हटले की बडोदा आठवते, शिक्षणसंस्था म्हटले की तो नळ, वाहने म्हटले की मसूर आणि चाळीसगाव, तळी म्हटले की दौलताबाद आणि महाडचे चवदार तळे.

हे श्रेय एकट्या बाबासाहेबांना देऊन आपण मोकळे होता कामा नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला तळ्याचे पाणी प्यायलेल्या आणि त्यानंतर मार खाल्लेल्या हजारोंचा त्यात वाटा आहे. त्या तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपण जिंकलो. संविधान सभेतील इतर सदस्यांचाही वाटा आहेच. या सगळ्यांतून आजचे कलम १५(२) उभे राहिले. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या बाबतीत कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून निर्बंध घालता येणार नाही, असे ते सांगते. यातल्या 'दुकान' शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत स्पष्ट केला. जो कोणी लोकांना सेवा देऊ करतो, तो त्यात आला.

या कलमात महार हा शब्द नाही. 'कोणताही नागरिक' आहे. ज्यांनी धर्मशाळेतून हाकलले त्या पारश्यांच्या नातवंडांना आणि ज्यांनी हौदावर शिव्या दिल्या त्यांच्या मुलाबाळांनाही हे कलम तितकेच संरक्षण देते. दौलताबादच्या त्या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, १९५० साली, तिथून जवळच औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. कडवटपणा धरून बसायला त्यांच्याइतके कारण कोणाकडे होते? पण कडवटपणाने कॉलेज बांधता येत नाही.

मग टिकते काय? अपमान टिकत नाही, सोसणाऱ्याबरोबर तो जातो. राग ओसरतो. पुतळ्यांवरचे हार दुसऱ्या दिवशी सुकतात. विचार करून लिहून ठेवलेला शब्द, संघटनेने मिळवलेला हक्क आणि पुढच्या पिढीसाठी उभी केलेली संस्था, एवढेच मागे उरते. तेही आपोआप टिकत नाही. कलम वापरले नाही तर तेसुद्धा गंजते.

म्हणून मित्रहो, आज वसतिगृहात, कार्यालयात, गावच्या पाणवठ्यावर जे सोसावे लागते, ते 'अनुभव आला' म्हणून गिळू नका. तारीख, ठिकाण, साक्षीदार यांसह लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी तहानेचे कलम केले. आपण निदान आपल्या अपमानाचा कागद तरी करू या.

जय भीम!