झोपेतला श्वास आणि नाकावरचा मास्क

मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्र हातात धरूनच पेंगणारे एखादे सर आपल्या सर्वांच्या परिचयाचे असतात. रात्री ते मोठ्याने घोरतात असे घरचे सांगतात, आणि 'पडल्या पडल्या झोप लागते, नशीबवान आहेत' अशी पुस्तीही जोडतात. घोरणे म्हणजे गाढ झोप हे समीकरण आपल्याकडे फार पक्के आहे. कुंभकर्णाला घोरायला लावल्याशिवाय कोणत्याही नाटकमंडळीचे समाधान होत नाही.

पण अशा माणसाच्या उशाशी रात्री अर्धा तास बसून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. घोरणे चढत जाते आणि एकाएकी थांबते. खोली शांत होते. छाती-पोट हलत असते, म्हणजे श्वास घेण्याची धडपड चालू असते, पण नाकातोंडातून हवा आत जात नाही. दहा, वीस, कधी चाळीस सेकंदांनी गुदमरल्यासारखा मोठा आवाज होतो, माणूस अर्धवट जागा होतो, चार श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. रात्रभरात हे शेकडो वेळा घडू शकते. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ती फक्त न गेलेली झोप. या विकाराला 'स्लीप ॲप्निया', म्हणजे निद्राश्वासरोध, म्हणतात. त्यावरचा आजचा मुख्य उपचार म्हणजे नाकावर मास्क लावून दाबाखाली हवा देणारे सीपॅप यंत्र. यंत्राची कथा बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. आम्हाला येथे मास्कची कथा सांगायची आहे, कारण हा उपचार टिकतो किंवा मोडतो तो बहुतेक वेळा मास्कपाशी.

विकार नवा नाही. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत उभ्या उभ्या झोपणारा एक लठ्ठ मुलगा आहे. १९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका स्थूल रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध करताना या पात्रावरून 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव वापरले. त्यांचा रुग्ण पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आलेले असूनही झोपी गेला आणि डाव हरला. मग तो इस्पितळात आला. या डॉक्टरांनी त्याचे वजन मोजले, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजला, पण तो झोपलेला असताना काय होते हे कोणी पाहिले नाही. रोग झोपेत आणि तपासणी जागेपणी, अशी ही चुकामूक होती. ती संपायला १९६५ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर जर्मनीत युंग आणि कूलो यांनी, अशा रुग्णांचा श्वास झोपेत नोंदवला आणि तो वारंवार थांबतो हे आलेखावर दिसले.

तो थांबतो का? श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, म्हणून ती उघडी राहते. नाकामागून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाला मात्र असा ताठ सांगाडा नाही. त्याला उघडे ठेवतात ते स्नायू. झोपेत स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे किंवा चरबीने दबलेला आहे, त्यांच्या बाबतीत श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या कमी दाबानेच तो मिटतो. वर्गात हे दाखवायला भिजून मऊ पडलेली कागदी नळी पुरते. तिने जोरात ओढा, नळी चपटी होते आणि पेय वर येतच नाही. जितके जोरात ओढावे तितकी ती अधिक मिटते.

उपाय सुचला तो अडथळ्याच्या खाली भोक पाडण्याचा. १९६९ साली कूलो आणि सहकाऱ्यांनी गळ्यात शस्त्रक्रियेने छिद्र करून अशा रुग्णांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. छिद्र दिवसा बुचाने बंद ठेवायचे आणि झोपताना उघडायचे. गुण निश्चित येई. पण गळ्याला कायमचे भोक घेऊन जगायला किती जण तयार होतील?

१९८० सालच्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे असाच एक रुग्ण डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आला. त्याला ही शस्त्रक्रिया नको होती. सलिव्हन काही वर्षांपूर्वी कॅनडात टोरांटो येथे डॉ. फिलिपसन यांच्याबरोबर झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास करत होते आणि प्रयोगातले वायू देण्यासाठी कुत्र्यांच्या नाकाडावर बसणारे मास्क त्यांनी तयार केले होते. कुत्र्याला बसतो तर माणसालाही बसवता येईल, असा विचार त्यांनी केला. व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर उलटी लावून हवा नळीतून नाकात सोडायची, आणि नाकाभोवतीची फट पूर्ण बंद करायची. दाब हळूहळू वाढवला तसा श्वासरोध थांबला. दाब कमी केला, तो परत आला. पुन्हा वाढवला, पुन्हा थांबला. दिव्याचे बटण चालू-बंद करावे तसे! त्या रात्री रुग्ण तासन्‌तास सलग झोपला.

एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात सलिव्हन, इसा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्ज यांचा पाच रुग्णांवरचा लेख आला. त्यांना लागलेला दाब होता पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका. हा दाब किती, हे विद्यार्थ्यांना अनुभवू द्यावे. उंच पेल्यात पाणी घ्या, त्यात नळी दहा सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. एवढेच. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. मोडलेल्या हाडाला बाहेरून कामट्या बांधतात तशी ही आतून लावलेली हवेची कामटी. ती हवा फुप्फुसात श्वास 'भरत' नाही. श्वास रुग्णाचा तोच घेतो, हवा फक्त घशाची वाट मिटू देत नाही. हा भेद अनेकदा डॉक्टरांकडून रुग्णाला समजावला जात नाही आणि 'मशीनवर ठेवले' म्हणून घरचे घाबरतात.

खरे पाहता यातला एकही सुटा भाग नवा नव्हता. लंडनच्या पोल्टन यांनी १९३६ सालीच व्हॅक्यूम क्लीनरच्या झोताने हृदयविकाराच्या रुग्णांना दाबाखाली हवा दिली होती. ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असाच सततचा दाब वापरला होता. पण त्या रुग्णांची गरज काही तासांची किंवा दिवसांची होती. येथे प्रश्न होता हिंडत्याफिरत्या माणसाने रोज रात्री, स्वतःच्या घरी, वर्षानुवर्षे नाकाला नळी लावून झोपण्याचा. लॅन्सेटमधल्या लेखाच्या सारांशात मास्कला 'आरामदायी' हे विशेषण लावलेले आहे. ते वाचून आम्हाला हसू आले, कारण पुढची चाळीस वर्षे त्या एका शब्दाची पूर्तता करण्यात गेली.

सिडनीतल्या सुरुवातीच्या रुग्णांसाठी काय करावे लागे ते पाहा. प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून फायबरग्लासचा मास्क घडवायचा. रोज रात्री त्याच्या कडेला लवकर घट्ट होणारे सिलिकॉन लावून तो चेहऱ्याला चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. शेजारी मोटर घरघरत असे. तरीही १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत शंभरेक माणसे घरी हा खटाटोप रोज करत होती. त्यांना दिवसाची जाग परत मिळाली होती, तिची ही किंमत त्यांना परवडत होती. १९८५ मध्ये अमेरिकेत तयार यंत्रे विक्रीला आली. १९८९ मध्ये पीटर फॅरेल या अभियंत्याच्या पुढाकाराने सिडनीत यासाठीच वेगळी कंपनी निघाली. तीच पुढे 'रेसमेड' झाली.

आता थोडे गणित. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅम वजनाइतके बल. नाक झाकणाऱ्या मास्कने वेढलेले क्षेत्रफळ २५ चौ. सेंमी धरले तर हवा त्याला २५० ग्रॅम वजनाइतक्या बलाने चेहऱ्यापासून दूर ढकलते. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कचे क्षेत्रफळ ८० चौ. सेंमी धरले तर बल होते ८०० ग्रॅम. नुसत्या नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या मऊ 'पिलो'च्या बाबतीत ते जेमतेम ३०-४० ग्रॅम. हे बल डोक्यामागच्या पट्ट्यांनी पेलायचे असते. म्हणजे मास्क जितका मोठा तितक्या पट्ट्या घट्ट, आणि नाकाच्या हाडावर वळ उठण्याची शक्यता तितकी अधिक. मोठा मास्क खालच्या जबड्याला मागेही ढकलतो. जबड्याबरोबर जीभ मागे जाते आणि जो घसा उघडायचा तोच अरुंद होतो. तोंड झाकलेले बरे, असे प्रथम कोणालाही वाटते, पण सवय लागण्याच्या दृष्टीने नाकापुरता मास्क सरस ठरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ज्यांचे नाक खरोखरच बंद असते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनीही आधी नाकाचा उपचार करून घ्यावा हे उत्तम.

चिकटवण्याचा प्रश्न १९९०च्या सुमारास सलिव्हन यांच्या गटाच्या 'बबल' मास्कने बदलला. कडेला सिलिकॉनचा पातळ पडदा आतल्या बाजूला वळवलेला असतो. मास्कमधला दाबच त्याला फुगवून त्वचेवर टेकवतो. जी हवा निसटू पाहते तीच फट बंद करते! युक्ती सुंदर, पण तिच्यातून एक नेहमीची चूक जन्मली. हवा गळाली की माणूस पट्टा आवळतो. आवळला की पडदा दबून चपटा होतो, फुगू शकत नाही, आणि गळती वाढते. मग तो आणखी आवळतो. सकाळी नाकावर लाल व्रण आणि मनात निश्चय, की उद्यापासून हे नको. यावर उपाय उलटा आहे. यंत्र चालू ठेवून आडवे पडावे, पट्टे सैल करावेत, मास्क किंचित उचलून फुगू द्यावा आणि मग गळती थांबेल इतकेच ओढावे. बसून बसवलेला मास्क आडवे पडल्यावर बसतोच असे नाही, कारण कूस बदलली की गाल सरकतात. चेहऱ्यावरच्या तेलाने सिलिकॉन घसरते, म्हणून कडा रोज पुसायची. मास्कवरच्या मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रांतून सूं सूं हवा येते ती मात्र गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तेथून बाहेर जातो. ती छिद्रे कधीही बुजवू नयेत.

१९९० नंतर यंत्रे शहाणी झाली. १९८१च्या लेखातल्याच बर्थन-जोन्स यांनी १९९३ मध्ये गरजेनुसार आपोआप दाब बदलणाऱ्या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवा ओलसर व कोमट करणारी पात्रे जोडली गेली, दाब हळूहळू चढवण्याची सोय आली.

रुग्ण मात्र यंत्र किती वापरतो? १९९३ मध्ये अमेरिकेत क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत वेळ नोंदवणारे उपकरण बसवले. आपण रोज रात्री यंत्र लावतो असे ६० टक्के रुग्ण सांगत होते. निदान ७० टक्के दिवशी किमान ४ तास, हा 'नियमित वापरा'चा निकष लावला तर पास झाले १६ जण. चार तास ही संशोधकांनी मोजणीसाठी ठरवलेली सीमारेषा होती, झोपेची पुरेशी मात्रा नव्हे. पण २००८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याने हाच आकडा यंत्राचे पैसे पुढे चालू ठेवण्याची अट म्हणून स्वीकारला. उत्तीर्णतेच्या ३५ गुणांचे जे होते तेच येथे झाले, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आणि जो रुग्ण बसत नाही, तो मास्क नव्हे, नापास ठरतो.

१९९७ मध्ये वीव्हर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोण यंत्र वापरेल आणि कोण टाळेल याची वाट पहिल्या आठवड्यातच फुटते. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर 'काही त्रास?' विचारतात, तोवर यंत्र पलंगाखाली गेलेले असते. म्हणून हे पहिले आठ दिवस महत्त्वाचे. दिवसा वाचताना नुसता मास्क लावून बसावे, मग यंत्र जोडून, मग दुपारच्या डुलकीला. घुसमट वाटणाऱ्यांना याचा खूप उपयोग होतो. दोन-तीन प्रकारचे मास्क आडवे पडून, हवा चालू ठेवून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. विक्रेता एकच मास्क पुढे करत असेल तर दुसरा मागावा. दाढीमिशा, चष्मा, कुशीवर झोपण्याची सवय, हे सारे सांगावे. संकोच करू नये.

उपचाराबद्दल अवाजवी दावेही नकोत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत भारतासह सात देशांतले २,७१७ रुग्ण होते. त्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता. सीपॅपने त्यांचे घोरणे आणि दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली, मनःस्थिती सुधारली. हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. रोजचा सरासरी वापर होता ३.३ तास. अधिक वापरला असता तर निकाल बदलला असता का, हा वाद त्यानंतर सुरू झाला. गाडी चालवताना डोळा न लागणे हा लाभ मात्र त्या वादात अडकलेला नाही.

आपल्याकडे हा श्रीमंत देशांचा आजार, असा समज बरीच वर्षे होता. २००४ मध्ये मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेतल्या श्वसनाचा दोष १९.५ टक्क्यांना होता, आणि दिवसाच्या झोपेसह संपूर्ण विकार ७.५ टक्क्यांना. अमेरिकेतल्या १९९३च्या विस्कॉन्सिन पाहणीत पुरुषांसाठी हा दुसरा आकडा ४ टक्के होता. वीस पुरुष शिक्षकांच्या शाळेत मुंबईचा आकडा लावून पाहिला, तर एक किंवा दोन जण निघतात.